अठराचं सोळा

व्हय गं शकुंतले, खरं हाय ते. परीक्षेत मी दुसरी हुते. पयली ईरम्मा. ह्या बोर्डिंगात तुमा दोघींच्या मधी माझी वळकटी हाय न्हवं, ती जागा ईरम्माची. आता विचारलंस तर ऐक. धुणं वाळूस्तवर सांगून हुतंय. पर यशोदे, मधी मधी तोंड घालू नगंस, मला मंग सुचत न्हाय.

ईरम्मा म्हंजे आमच्या बसवहाळच्या कल्लप्पाची पोरगी. कल्लप्पा गावातला मोठा कापूसवाला. शाळा त्याच्याच कापसाच्या खोलीत भरायची. आदी चावडीत भरायची, तिचं छप्पर पडलं, तवा ह्यानं लोकल बोर्डाला खोली दिली. पोरं अठ्ठावीस, त्यात पोरी तीन, मास्तर एक. वेणीमाधव मास्तर, हितलेच, सोलापूरचे. शिकवायला चांगले, पर लिवायचा लई कंटाळा. पट, हजेरी, दाखले, समदं ईरम्माकडनं लिवून घ्यायचे आन आपुन खाली सही ठोकायचे. तिचं अक्षर असं की छापल्यावानी. मास्तर म्हणायचे, "तू मास्तरीण होशील बघ." झालं! ती त्याच दिवसापास्नं मास्तरीण. सांजच्याला आमाला ओट्यावर बसवून पाढे घ्यायची, चुकलं की कान पिळायची. माझा तर असा पिळायची की कानातलं डूल हातात यायचं.

मंग ह्या बोर्डिंगची परीक्षा निगाली. तेरा पुरी न झालेल्या पोरी पायजेत, गावाकडच्या, एका केंद्राला एक जागा. ईरम्माला तेरावं चालू. जन्म श्रावणातला, सन एकोणीसशे अठरा. अर्ज तिनंच भरला, तिचा बी आन माझा बी. मार्चात बैलगाडीनं येऊन परीक्षा दिऊन गेलो. गाडीत ती म्हणली, "जगदेवी, मी हितं आले की परत जायाची न्हाय बघ, मास्तरीण हुऊनच जाणार." मी म्हणलं, "आन मी?" तर म्हणती, "तू माझी हजेरी लिव."

निकाल यायच्या आदीच स्थळ आलं की गं. हितल्याच भवानी पेठेतला सोमलिंग. चादरीचं दुकान, घरात चार माग, पोरगा देखणा. कल्लप्पाची तर झोपच उडाली. पर त्या मंडळींचा न् त्यांच्या भाऊबंदांचा कोर्टात वाद चाललाला, आन वर हा शारदा कायदा. चौदा पुरी व्हायच्या आत लगीन लावलं तर भाऊबंद दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन सांगणार. म्हणून सोमलिंगची आई चिमाबाई म्हणली, "पोरीच्या वयाचा शाळेचा दाखला आणा, मंग बोलू."

आता बघा, ज्या पोरी शाळंत जात न्हाईत त्यांचं वय कुटं लिवल्यालं असतंय? आई म्हणंल ते वय. हिचं रजिस्टरात हुतं. शाळंत गेली म्हणून घावली बाई!

कल्लप्पा भर शाळंत आला. पोरं पाढे म्हणत हुती.

"मास्तर, पोरीचा दाखला पायजे. चौदा पुरी."

"कल्लप्पा, तिला तेरावं चालू आहे. रजिस्टर सरकारचं असतं."

"रजिस्टर सरकारचं. खोली कुणाची?"

कल्लप्पानं कोपऱ्यातल्या दोन पाट्या उचलल्या आन भाईर अंगणात ठिवल्या. फेकल्या न्हाईत हां, नीट ठिवल्या. मंग अजून दोन. मास्तरांनी आमच्या समद्यांच्या तोंडाकडं एकदा बघितलं, आन म्हणले, "ईरम्मे, रजिस्टर आण."

ती पळत गेली गं! तिला वाटलं, मास्तर अप्पाला रजिस्टर दावून गप्प करणार. पान बी तिनंच काढून दिलं. मास्तरांनी चाकू घेतला, तिच्या जन्मसालातला आठाचा आकडा हळू हळू खरवडला, आन टाक तिच्याच हातात दिला.

"लिही."

"काय लिवू, गुर्जी?"

"सहा."

"गुर्जी, परीक्षेच्या अर्जात आठ लिवलंय मी."

"लिही म्हटलं ना."

दौत मी धरली हुती. तिनं सहा काढला, लई सुबक. मंग दाखला बी तिलाच लिवाया लावला. चौदा वर्स आठ म्हयने. मास्तरांनी खाली सही केली, आन कल्लप्पानं पाट्या परत आत आणल्या.

आन आमी पोरं? आमी हसलो! एका दिसात पोरगी दोन वर्सांनी म्हातारी. सुट्टीत तिच्यामागं लागलो, "ए म्हातारे! म्हातारे, काठी कुटं तुझी?" पयल्यांदा कोण म्हणलं म्हणून काय विचारतीस, मीच म्हणलं. कान लई पिळायची की ती.

मंग चिमाबाई बघायला आली. मी कल्लप्पाच्या घरात पाणी द्यायला. दाखला सोमलिंगनं वाचून दावला. चिमाबाईनं ईरम्माच्या हाताच्या काड्या चाचपल्या, पाठ बघितली, म्होरं-मागं चालवली, आन ईरम्माच्या आईला, गुरम्माला, विचारलं, "न्हाण कवा आलं?"

गुरम्मा म्हणली, "न्हाय आजून."

"न्हाय? पंधरावं लागलं, आन न्हाय?" चिमाबाईनं हात असा काढून घेतला, कायतरी डसल्यावानी. "माझ्या लेकीला बाराव्याला आलं. ही पोरगी मुळातच खोटी हाय. वांझ हाय ही."

गुरम्माला ऱ्हावलं न्हाय. "अवो, तिला बाराच सरल्यात की!"

"मंग कागद खोटा? आमाला तुरुंगात घालाया निगालाव व्हय?"

कल्लप्पानं समद्यांम्होरं गुरम्माच्या तोंडात मारली. "कागद खराच हाय," म्हणला. म्हंजे बघा, बापानंच लेकीला वांझ केली, समद्या पावण्यांम्होरं. पावणे च्या बी न घेता उठले. त्यांच्या गाडीवाल्यानं वाटंतल्या गावागावात सांगितलं, बसवहाळची वांझोटी, पंधरा वर्साची. आठ दिसात सोयऱ्यांत कुटं तोंड दावाया जागा ऱ्हायली न्हाय.

आन त्याच आठवड्यात निकाल! ईरम्मा पयली, मी दुसरी. मास्तरांनी यादी वाचून दावली. कल्लप्पा म्हणला, "जाऊ दे तिला. हितं ठिवून तरी काय करू." काय सांगू, ती पोरगी आठ दिस रस्त्यानं चालली न्हाय, पळतच हुती. दोन परकर धुऊन, घड्या घालून उशाला घेऊन निजायची. कोण वांझ म्हणलं तरी हसायची. म्हणायची, "मास्तरणीला कोण विचारतंय!" माझ्याशी पण बोलली. म्हणली, "पुढच्या वर्सी तू बस, मी तुला सोलापुरातनं पुस्तकं धाडीन."

मंग जूनात शाळा तपासणारे डिपोटीसाहेब आले, पास झालेलीचं वय रजिस्टराला ताडून बघाया. एका हाताला अर्ज, एका हाताला रजिस्टर. हितं अठरा, तितं सोळा. बोट फिरवलं, खरवडल्यालं लागलं.

"मास्तर, हे काय आहे?"

कल्लप्पा तर बाजाराला गेल्याला.

"हे अक्षर कुणाचं? अर्जातलंच आहे हे," साहेब म्हणले.

मास्तर हळूच म्हणले, "मुलीचंच आहे, साहेब. रजिस्टर तिच्या हाताशी असतं. मला... मला कल्पना नाही."

ईरम्मा उभी ऱ्हायली. "गुर्जी, तुमीच सांगितलं की! अप्पा आला हुता, पाट्या भाईर ठिवल्या, तुमी चाकूनं..." मास्तर खाली बघत हुते. तिनं पोरांकडं बघितलं. पोरं खाली. मंग माझ्याकडं वळली. "जगदेवी, तू दौत धरली हुतीस. सांग की."

साहेब म्हणले, "काय गं? तू पाहिलंस?"

मास्तर माझ्याकडं बघत हुते, ईरम्मा बघत हुती. आन साहेबांच्या म्होरं ती यादी पडल्याली. तिच्या नावाखाली माझं.

मी म्हणलं, "मला काय ठावं न्हाय."

असं बघू नगा गं माझ्याकडं. तुमी काय सांगितलं असतं? सांगितलं असतं तर मास्तरांची नोकरी गेली असती, कल्लप्पावर खटला झाला असता. समद्या गावाचं वाटोळं. मी एवढी अकरा वर्साची पोर.

साहेबांनी तिच्या नावावर आडवी रेघ मारली, लाल शाईची. मंग म्हणले, "खोटेपणा करणाऱ्या मुली मास्तरीण होत नाहीत." तिला रडू बी आलं न्हाय. मला वाटलं, आता कान पिळंल. पर तिनं माझ्याकडं बघितलंच न्हाय. दप्तर उचललं आन गेली.

शाळा? शाळा कुटली ऱ्हायली. बाजारातनं आल्यावर कल्लप्पाला कळलं, दुसऱ्या दिवशी त्यानं खोलीला कुलूप घातलं, आन मास्तरांची बदली झाली.

आन ईरम्माचं दिवाळीच्या आदी लगीन झालं. मोगलाईत, आळंदच्या तिकडं दिली. नवरा बिजवर, चाळिशीचा, आदीची तीन पोरं. त्याला वांझ चालती, पोरं हायतच की, भाकरी थापायला बाई पायजे. आन निजामाच्या राजात तो कायदाच न्हाय, तितं कुणी कागद मागितला न्हाय. माझ्या आईनं हितं सांगावा धाडला, तुझी मैतरीण हाय, हळदीला तरी ये.

मी न्हाय गेले. सहामाही हुती की.