भावा-बहिणीच्या मधला शब्द

मित्रांनो, मी टोंगा बेटांवरचा एक जुना शब्द आहे. माझे नाव तापू. मला कोणी घडवले ते मला ठाऊक नाही. शिडाच्या होड्यांच्या काळापासून मी इथल्या लोकांच्या तोंडी आहे. जे पवित्र आहे, आणि म्हणूनच ज्याला हात लावायचा नाही, ते तापू. तुमच्याकडच्या सोवळ्याचा मला दूरचा भाऊबंद समजा. पूर्वी राजाला पुरणाऱ्यांचे हात तापू होत. मग कित्येक दिवस त्यांना दुसऱ्यांनी घास भरवायचे. केवढा दरारा होता माझा!

पुढे इंग्रजांचे जहाज आले. जो तो 'तापू, तापू' म्हणतो हे ऐकून त्यांच्या कप्तानाने मला वहीत टिपले आणि विलायतेला नेले. तिथे मी 'टॅबू' झालो. पावित्र्य वाटेतच गळाले, नुसती बंदी उरली. चारचौघांत ज्याविषयी बोलू नये ते टॅबू, एवढाच माझा अर्थ झाला. आता तर तिथे कोणी मला मोडले की लोक टाळ्या वाजवतात. वाजवू देत बापडे. माझे दुःख घरचे आहे.

एका लहानशा बेटावर फुसी आणि तिचा भाऊ तानिएला राहत. आईवडील वारले होते. आमच्याकडे बहिणीचा मान भावाहून मोठा. दोघे वयात आली की त्यांच्या मध्ये मी उभा राहतो. एका खोलीत बसायचे नाही, थट्टा करायची नाही, शरीराचा विषय तर काढायचाच नाही. तानिएला वेगळ्या झोपडीत निजे. जाळ्यातला सर्वांत मोठा मासा मात्र बहिणीच्या दारात ठेवी, खाकरे आणि निघून जाई. मला त्या दोघांचा फार अभिमान वाटे.

एके वर्षी फुसी कापडासाठीची झाडाची साल डाव्या हाताने कुटू लागली.

"काय गं, हात मोडला की आळस चढला?" लोसेली आत्या म्हणाली. "तुझ्या कुटण्याने माशीसुद्धा उठत नाही!"

फुसीने तिला आत नेऊन उजव्या बाजूची छातीतली गाठ दाखवली. आत्याचे हसू मावळले.

"अगं, तानिएलाला होडी काढायला सांग. मोठ्या बेटावर दवाखाना आहे."

"तिथे सगळं त्याच्यासमोर विचारतील. भावासमोर हे बोलायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं!"

"मग मी सांगते."

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, आत्या."

आत्या माझ्याच धाकात वाढलेली. तिने पाल्याचा लेप दिला आणि गाठ जिरेल अशी आशा धरली.

तानिएलाला कुटण्याचा आवाज मंदावलेला कळत होता. त्याने एकदा विचारले, "आत्या, घरात सगळं ठीक आहे ना?"

"बायकांचं असतं रे काहीतरी."

एवढे ऐकताच त्याने मान खाली घातली आणि जाळे दुरुस्त करायला घेतले. फुसीच्या दारापासून त्याची होडी साठ पावलांवर होती. पाच महिने ती होडी दवाखान्याकडे निघालीच नाही.

शेवटी फुसी चक्कर येऊन पडली, तेव्हा बायकांनी तिला होडीत निजवले. तानिएलाने तिच्याकडे पाठ करून होडी हाकली. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "इतके दिवस काय करत होता?" पण उत्तर द्यायला भाऊ खोलीत नव्हता. तो आदराने बाहेर थांबला होता.

फुसी गेली. मयताजवळ भावाने बसायचे नसते. त्याने शोक म्हणून फाटकी चटई कमरेला गुंडाळून घरामागे भट्टीपाशी आलेल्या लोकांच्या जेवणासाठी राबायचे असते. तानिएला दिवसभर डुकरे भाजत होता, सुरण सोलत होता. अखेर आत्या रडत त्याच्याकडे आली.

"बाळा, चुकले रे मी. एकदा तिचं तोंड तरी बघून घे."

"नको, आत्या. तापू आहे."

इतक्या श्रद्धेने माझे नाव कोणी घेतले नसेल. आणि मला जन्मात इतकी लाज कधी वाटली नाही. मी मान राखायला जन्मलो होतो. मी माणूस गमावला.

मित्रांनो, एकमेकांचा मान जरूर राखा. पण घरात कोणाला दुखत असेल तर विचारा, आणि दुखत असेल त्याने सांगा. मी आड आलो तर मला खुशाल ढकलून द्या. मला राग येणार नाही.