सेट आणि बंदूक यांच्यामध्ये

माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट माझं ऐकत नाही. चहा उकळायची वाट बघताना ते ओट्याच्या कडेवर काहीतरी दाबत असतं. बसमध्ये पुढच्या सीटच्या दांड्यावर, सिनेमाला गेलं तर माझ्याच गुडघ्यावर. समोर काही घडणार असं वाटलं की ते शिवशिवतं, आणि मला तर सदानकदा काहीतरी घडणार असंच वाटत असतं.

पोटापाण्यासाठी मी एका पेपरच्या क्रीडा पानाला फोटो पुरवते. लोकांना वाटतं, आम्ही घडलेलं टिपतो. घडलेलं टिपायला गेलं की गाडी सुटलेली असते. चेंडू जाळ्यात गेलेला डोळ्यांना दिसला, म्हणजे फोटो हुकला. बटण दाबायचं ते घडायच्या जरासं आधी, अंदाजाने. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मी कायम पुढच्या क्षणात जाऊन बसलेली असते, आणि आत्ता समोरचा माणूस काय बोलला ते त्याला पुन्हा विचारते. बाबा म्हणतात, तुझी लय धावते. त्यांना सगळ्यात लयच दिसते. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे, आता बाहेरच्या खोलीत मुलांना शिकवतात, आणि स्वयंपाकघरात मिक्सर अडखळला तरी तिथून ओरडतात, "सम चुकली!"

धाकटी बहीण मात्र त्यांच्या तालात वाढली. तिला सगळे शिडी म्हणतात, कारण ती तशीच आहे. उंच, सरळ, आणि कुठेही टेकवली की उभी. शिडी अडथळ्यांची शर्यत धावते. बाबांना मैदानातलं काडीचं कळत नाही, पण तिची पहिली शर्यत बघून ते घरी आले ते मांडीवर ठेका धरूनच. "तीन पावलं जमिनीवर, चौथी मात्रा हवेत," ते म्हणाले. "हे तर माझंच काम आहे." तेव्हापासून आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत संध्याकाळी त्यांच्या टाळ्या चालतात. शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात.

अडचण होती ती सुटण्याची. शर्यत बंदुकीच्या आवाजावर सुटते, आणि आमच्याकडे बंदूक कुठली? बाबा "सेट" म्हणायचे, म्हणजे कंबर उचलून तयार राहा, आणि थोडं थांबून टाळी द्यायचे. पण टाळीच्या आधी ते श्वास घ्यायचे. ड्रमवर पहिला ठोका टाकायच्या आधीची त्यांची जुनी खोड. शिडी टाळीची वाट बघायचीच नाही, त्या श्वासावरच पळायची. शेवटी मी वैतागून म्हणाले, "सरका, मी बघते." माझा कॅमेरा ऑफिसने टाकून दिलेला, म्हातारा आहे. नवे कॅमेरे कुजबुजतात, हा कपाटाचं दार आपटल्यासारखा खट् करतो. मी शिडीच्या मागे उभी राहायची, बाबा "सेट" म्हणायचे, आणि सगळं चिडीचूप झालं की मी मनाला येईल तेव्हा बटण दाबायची. खट्, की शिडी सुटली. दोनेक वर्षं रोज हेच चाललंय. माझ्याकडे शिडीच्या टाचांचे इतके फोटो आहेत की तेवढे एखाद्या नटीच्या चेहऱ्याचेही नसतील.

शनिवारी सेमीफायनल होती आणि रविवारी फायनल. फायनलमधल्या पहिल्या तिघी राज्याच्या संघात जाणार होत्या. पुढच्या वर्षी शिडीचं वय या गटात बसणार नव्हतं, म्हणजे जे काही व्हायचं ते आत्ताच.

सेमीफायनलला मी स्टार्टजवळ बसले होते, फोटोवाल्यांना आखून दिलेल्या जागेत. तिथला एक नियम शेंबडं पोरही सांगेल. "सेट" म्हटल्यापासून बंदूक वाजेपर्यंत कुणी क्लिक करायचं नाही. स्टार्टर, म्हणजे बंदूक वाजवणारा पंच, "सेट" म्हणाला. आठ पाठी वर उठल्या. आणि बंदुकीच्या आधीच शिडीचा खांदा उडाला. स्टार्टरने सगळ्यांना उभं केलं, आधी आमच्याकडे बघून "कॅमेरे!" म्हणून ओरडला आणि मग शिडीसमोर जाऊन पिवळं कार्ड धरलं. मीही शेजारच्या फोटोवाल्याकडे खाऊ का गिळू अशा नजरेने बघितलं. शिडीचा हात जमिनीवरून सुटला नव्हता म्हणून इशाऱ्यावर निभावलं. सुटला असता तर तिथेच बाहेर. दुसऱ्यांदा शर्यत सुटली तेव्हा मी भरलेलं मेमरी कार्ड बदलत होते. शिडी घाबरून धावली आणि सगळ्यांत शेवटच्या जागेवर कशीबशी फायनलमध्ये शिरली.

संध्याकाळी घरी ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. जेवायला बोलावलं तर म्हणाली, "ताई, माझं डोकं बिघडलंय. मला कुणी ढकललं नाही, मी ठरवलं नाही, अंग आपलं आपणच सुटलं. उद्या परत सुटलं तर?"

"नाही सुटणार," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?"

 मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून ऑफिसला पाठवायचे फोटो निवडायला घेतले. जागेवर बसलेल्या मुली. त्यानंतर आठ पाठी वर उठलेल्या, बोटं रेषेवर, सगळ्यांचे चेहरे खाली. त्याच्या पुढच्या फोटोत सात जणी तशाच आणि शिडीचा खांदा उडालेला.

मी तो फोटो मोठा केला, लहान केला. त्यात काही खोट नव्हती, उलट छानच आला होता. फक्त तो आणि त्याआधीचा, दोन्ही माझ्या कॅमेऱ्यात असायचं काही कारण नव्हतं. सेट आणि बंदूक यांच्यामध्ये मी काहीच दाबलं नव्हतं. निदान दाबल्याचं मला आठवत नव्हतं.

 शेजारच्या फोटोवाल्याकडे टाकलेली ती नजर आठवून मला स्वतःचीच किळस आली.

बाबा ओट्याशी भांडी पुसत होते. मी त्यांना स्क्रीन दाखवली. त्यांना दोन्ही फोटो नीट बघायला वेळ लागला, पण कळायला लागला नाही. हातातलं पातेलं त्यांनी अगदी सावकाश खाली ठेवलं. त्यांना राग आला की ते आवाज करत नाहीत.

"तिला सांगते," मी उठले.

"खाली बस." त्यांनी दार लोटून घेतलं. "सांगितलंस तर उद्या ती बंदूक ऐकायची सोडून तुझा कॅमेरा ऐकत बसेल. आहे ते तरी राहू दे."

"मग मी जातच नाही उद्या."

"आणि तिने मान वळवून शोधलं तर? दर वेळी स्टार्टला ती तुला शोधते. दिसली नाहीस तर उरलंसुरलं अवसानही जाईल."

तरी मी गॅलरीत जाऊन साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे आमचे फोटो संपादक. नाही हा शब्द त्यांना फक्त बोलता येतो, ऐकता येत नाही.

"साहेब, उद्या दुसऱ्या कुणाला पाठवा ना. निदान मला फिनिशला तरी बसू द्या."

"का? बहीण धावतेय म्हणून तर तुला पाठवतोय. फिनिशचा फोटो सगळ्यांकडे असतो. मला स्टार्टचा चेहरा पाहिजे. सुटतानाची मान, ताणलेल्या शिरा, ते सगळं."

"मग दुसरा कॅमेरा तरी द्या."

"तो फुटबॉलला गेलाय. तुझ्या कॅमेऱ्याला काय धाड भरलीय?"

काय सांगणार? बंदूक वाजेपर्यंत बटण दाबायचं नाही, इतकं साधं काम होतं. पण हे मला सांगून उपयोग नव्हता, माझ्या बोटाला सांगायला हवं होतं. साहेबांशी बोलताना ते गॅलरीच्या कठड्यावर एकसारखं ठोकत होतं. मी ते मुठीत धरलं, तर अंगठा सुरू झाला.

रविवारी सकाळी मैदानावर आम्ही तिघं एकत्रच गेलो.  शिडी वॉर्मअपला गेली आणि मी माझ्या जागेकडे निघाले, तेवढ्यात बाबांनी प्रेक्षकांच्या कुंपणावरून हात पुढे केला.

"बॅटरी दे."

"काय?"

"कॅमेऱ्याची बॅटरी. काढ आणि दे माझ्याकडे."

"बाबा, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? मला कळतं कधी दाबायचं ते. मी फोटोग्राफर आहे!"

"कालही होतीस," बाबा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी सरळ चालायला लागले. चार पावलं गेले असेन. मग डोळ्यांसमोर सात स्थिर पाठी आणि तो एक उडालेला खांदा आला. मी मागे फिरले, बॅटरी काढली आणि त्यांच्या हातावर आपटली. त्यांनी मूठ मिटली आणि आभाळाकडे बघत उभे राहिले, जणू हवामानाचा अंदाज घेतायत.

फायनलमध्ये शेवटच्या जागेवर शिरल्यामुळे शिडीला कडेची लेन मिळाली होती, म्हणजे ती माझ्यापासून हाकेच्याही नाही, कुजबुजीच्या अंतरावर. मी मेलेला कॅमेरा डोळ्याला लावून बसले. तो नुसता लोखंडासारखा जड लागत होता आणि त्यातून काही दिसत असलं तरी ते माझ्या कामाचं नव्हतं. शेजारचे सगळे कामात होते. असं हात बांधून बसणं मला जन्मात जमलेलं नाही. पाय हलवावा तर पंच हटकणार, मान वळवावी तरी हटकणार. शिडीने मान वळवून मला शोधलं. मी कॅमेऱ्याआडून मान हलवली.

"ऑन युवर मार्क्स."

त्या खाली बसल्या. शिडीने बोटं रेषेवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"सेट."

आठ पाठी वर उठल्या. मैदान चिडीचूप झालं.

आणि माझं बोट खाली गेलं.

मी ते नेलं नाही. मी तर श्वास धरून बसले होते, नको, नको, नको म्हणत. बोट आपलं आपणच गेलं, पार तळापर्यंत, रोज संध्याकाळी गल्लीत जातं तसं. बटण दबलं. मेलेल्या कॅमेऱ्यातून काही आलं नाही.  दोन वर्षं आम्ही समजत होतो, शिकतेय ती शिडी. "सेट" आणि शांतता, की बोट दाबायचं, हे माझ्याही हाडात तितकंच मुरलं होतं.

बंदूक वाजली.

सात जणी सुटल्या. शिडी सुटली ती त्यांच्या मागून, सगळ्यांत शेवटी, झोपेतून उठवल्यासारखी. तिचं अंग दुसऱ्याच आवाजाची वाट बघत होतं. मी जागेवरून उभी राहिले, मागचा कुणीतरी "खाली बसा हो बाई!" म्हणून खेकसला, मी बसले नाही. पहिल्या अडथळ्याला ती सातव्या मुलीच्याही मागे होती. संपलं, मी म्हणाले. तेवढ्यात कुंपणाकडून टाळी ऐकू आली. एकच माणूस, म्हातारे हात, एका मुठीत बॅटरी, त्यामुळे आवाज थोटा. तीन पावलं जमिनीवर, चौथी हवेत. एवढ्या गोंगाटात ती शिडीला ऐकू गेली असणं शक्य नाही. पण ऐकायची गरजही नव्हती, तो ठेका तिच्या पायांत होताच. इतर मुली अडथळ्यापाशी थोड्या थोड्या लांब किंवा आखूड पडत होत्या, हिचा पाय एकदाही चुकला नाही. दर अडथळ्याला ती कुणालातरी मागे टाकत गेली. शेवटी पहिल्या दोघींच्या मागे तिघी एकदमच रेषेवर पोचल्या आणि मला इतक्या लांबून काही कळेना.

फलकावर नावं यायला वेळ लागला. आली तेव्हा शिडी तिसरी होती, खांद्याच्या फरकाने. मी चक्क रडले, आणि माझ्याकडे त्या शर्यतीचा एकही फोटो नव्हता.

साहेबांचा फोन लगेच आला. "स्टार्टचा चेहरा?"

"नाहीये."

"फिनिश?"

"तेही नाही."

पलीकडे टेबलावर काहीतरी आपटलं. मग ते म्हणाले, "निदान ती तरी जिवंत आहे ना? मग तिचा एक फोटो काढ. काहीही काढ!"

शिडी कुंपणापाशी आली तेव्हा बाबा तिला धरून हसत होते. मी त्यांच्यासमोर हात पसरला आणि बॅटरी घेतली. ती त्यांच्या घामाने ओली आणि गरम झाली होती. मी ती पुसून आत घातली. शिडी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, अजून धापा टाकत, दात दाखवत.

"नीट काढ हं ताई. हा पेपरात येणार."

मी बटण दाबलं. खट्.

शिडीचा खांदा उडाला आणि उजवा पाय मागे गेला.

तिचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तिने आपल्या पायाकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे, मग माझ्याकडे. बाबा दुसरीकडे बघायला लागले.

"काल तूच होतीस," ती म्हणाली.

"हो."

"आणि आज?"

"आजही दाबलं. बॅटरी बाबांकडे होती."

मला वाटलं, आता ती ओरडेल, निघून जाईल. मी तरी गेले असते.  पण तिने केस मागे बांधले, पाय पुन्हा जागेवर आणला आणि हात कमरेवर ठेवले.

"परत काढ."

"राहू दे ग आता."

"काढ म्हणते ना. हलले तर परत. मी हलेनाशी होईपर्यंत काढत राहा. आणि बाबा, तुम्ही काहीही बोलू नका."

मी काढत राहिले. दर खटक्याला तिचा खांदा उडायचा, ती दात आवळून पुन्हा उभी राहायची. आजूबाजूचे लोक थांबून बघायला लागले. मैदानावरचे अडथळे उचलून गाडीत भरले गेले, उन्हं कुंपणावरून उतरली. खांदा उडायचा तो थरथरायला लागला, मग नुसता जाणवायला लागला. मग एका खटक्याला ती खांबासारखी स्थिर उभी राहिली, सरळ माझ्याकडे बघत. तोच फोटो मी ऑफिसला पाठवला.

"झालं," शिडी म्हणाली. "ताई, झालं. थांब आता."

पण माझं बोट थांबायला तयार नव्हतं. बाबांनी माझ्यापुढे पुन्हा तळहात धरला.