उलटे आटे

झाकण बसेना. अल्लाबक्षनं ते उजवीकडे फिरवलं, काढून फुंकर मारली, पुन्हा फिरवलं. ते डबीवर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. वैतागून डावीकडे फिरवलं, तर शहाण्यासारखं बसलं.

मळवलीत चाळीस वर्षं लाकूड कातून पोळपाट-लाटणी करणाऱ्या या माणसाची आट्यांची डबी ही पहिलीच. तिच्यासाठी त्यानं भंगारातल्या सायकलचं पायडल आणि ते ज्यात बसतं तो क्रँक आणून यंत्र जुळवलं होतं. पायडलच्या दांडीवर डबी बांधून हातानं फिरवली, की दांडी क्रँकमधून आट्याआट्यानं पुढं सरके आणि समोरचं फिरतं कटर लाकडावर तसेच आटे पाडे. सगळं बरोबर होतं, मग हे उलटं कसं झालं, ते त्याच्या डोक्यात शिरेना.

हा सगळा खटाटोप अमिनासाठी, त्याच्या बायकोसाठी. जेवणानंतर आल्यागेल्याच्या हातावर बडीशेप ठेवायची, हा तिचा मान. पण वर्षभरात ती विसराळू झाली होती आणि बडीशेपेची बरणीही तिला उघडेना. परवा पाहुण्यांसमोर ती रडली. हातातला जोर गेला असं वाटून त्यानं ही हलक्या झाकणाची डबी करायला घेतली होती.

डबी घरी ठेवून, यंत्र उचलून तो बजरंग सायकलवाल्याकडे गेला. बजरंगला हसू आवरेना.

"आबा, ह्ये डावं पायडल हाय. डाव्याचे आटे उलटेच असत्यात, न्हाईतर चालवता चालवता निघून यील."

उजवं पायडल आणि त्याचा क्रँक घेऊन तो परतला, तर अमिनानं डबी उघडून तिच्यात बडीशेप भरली होती.

तो चक्रावला. त्यानं मुद्दाम बरणी तिच्या हातात दिली. ती उघडायला म्हणून दात-ओठ खात झाकण उलट आवळायला लागली. जोर होता की. उघडायचं कुठल्या बाजूला, तेवढं हरवलं होतं.

त्यानं उजवं पायडल खिळ्याला टांगून ठेवलं. महिनाभर अमिनानं शेजारीपाजारी, पोस्टमन, सगळ्यांच्या हातावर बडीशेप ठेवली. अल्लाबक्षला त्या डाव्या पायडलचा फार लळा लागला.

मग एका दुपारी भाची रुमाईसा जेवायला आली. अमिनानं डबी घेतली आणि झाकण चारचौघांसारखं फिरवलं. ते आवळलं गेलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमी उलटे आटे पाडले."

खरंच होतं. तिला आठवलं म्हणून खूश व्हावं की काय करावं, त्याला कळेना. रात उलटायच्या आत त्यानं खिळ्यावरचं पायडल काढून सुलट्या आट्यांची दुसरी डबी केली. दुसऱ्या दिवशी तिचा हात पुन्हा उलट्या बाजूला गेला. तिसऱ्या दिवशी सुलट्या. दोन्ही डब्या समोर ठेवल्या, तर ती दोन्हींकडे बघत बसली.

रुमाईसा पुन्हा आली, तेव्हा फळीवर एकच डबी होती. जेवण झालं. अमिनानं डबी मांडीवर घेऊन झाकणाला हळूच एक हिसका दिला आणि झाकण हातात आलं. तिनं भाचीच्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवली, मग नवऱ्याच्या.

"ह्या वक्ताला आटे झ्याक पडले."

"व्हय," अल्लाबक्ष म्हणाला.

रुमाईसा गेल्यावर त्यानं डबी फळीवर ठेवली आणि झाकण न फिरवता, रोजच्यासारखं, वर नुसतं टेकवलं.