शंभराच्या जागी नव्वद

कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणं आणि द्रावणं तयार करणं, या दोन कामांत मावशींची बारा वर्षं गेली. मुलं त्यांना मावशी म्हणत, सरही मावशीच म्हणत. यंदा, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी तिथेच जीवरसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. सर म्हणाले, "तुम्हाला काय शिकवायचं? अर्धं तर तुमच्या हातातच आहे." मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

वर्ग सुरू होण्याआधी करून यायचा अभ्यास एका पुस्तिकेत दिला होता. लेक चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून आली की दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत.

"पान नऊ," लेक म्हणाली. "एक लिटर साखरेचं द्रावण. आधी थोड्या पाण्यात साखर विरघळवायची, मग लिटरच्या रेघेपर्यंत पाणी भरायचं."

"लिटरभर पाणी घ्यायचं, त्यात साखर टाकायची. आम्हा अडाण्यांना एवढं तरी येतं हो."

"ते वेगळं, आई."

"मग बारा वर्षं मी काय झोपा काढल्या?"

लेकीनं वाद घातला नाही. मापाच्या भांड्यात रेघेपर्यंत पाणी भरलं, एकशे ऐंशी ग्रॅम साखर मोजून ओतली, ढवळली. पाणी रेघेच्या चांगलं बोटभर वर आलं.

"आता हे लिटर राहिलं का? साखरही जागा घेतेच की. म्हणजे द्रावण पातळ झालं. शंभराच्या जागी नव्वद."

नव्वद. मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. प्रयोगशाळेत त्या लिटरभर पाणी मोजून मोठ्या बाटलीत ओतत आणि वरून साखर टाकत. त्या बाटलीला रेघच नव्हती. कळणार कसं?

तीन वर्षांपूर्वी, याच कॉलेजातल्या प्रात्यक्षिक परीक्षेत, बाटलीतल्या द्रावणात साखर ठरल्याच्या शेकडा किती ते मोजताना, याच लेकीचं उत्तर नव्वद आलं होतं. बाटलीत शंभर असतं हे बाकीच्यांनी आदल्या वर्षीच्या वह्यांतून बघून ठेवलेलं. कुणी अठ्ठ्याण्णव लिहिलं, कुणी एकशे एक. हिनं आलं ते लिहिलं. "हिचा हात या कामाचा नाही," सर सगळ्यांदेखत म्हणाले. आणि घरी मावशींनी जखमेवर मीठ चोळलं: "मी स्वतः भरलेली बाटली होती ती! माझी मान खाली घातलीस." पोरीनं कॉलेजच सोडलं.

लेक पान दहा काढत होती. तिच्या काही लक्षात आलेलं दिसत नव्हतं. गप्प बसलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. भांडं मोरीत ओतायला म्हणून मावशी उठल्या, आणि पाठ फिरवल्यावरच त्यांना बोलता आलं.

"ती परीक्षेची बाटली मी अशीच केली होती. तुझं नव्वद बरोबर होतं."

मागं पानांचा आवाज थांबला.

"तुला माहीत होतं?"

"नाही गं. आत्ता कळलं. पण बोलले मात्र तेव्हाच, काही न बघता."

पोरगी रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं पुस्तिका मिटून ठेवली.

"सरांना सांगशील?"

"चिठ्ठी लिहून ठेवते त्यांच्या टेबलावर."

"चिठ्ठी नको. माझ्यासमोर सांग."

"तिथं मुलं असतात अगं."

"तेव्हाही होती."

मावशींच्या कानशिलांपर्यंत आग गेली. मोरीतलं भांडं विसळत, वर न बघता, त्या म्हणाल्या, "उद्या दुकानातून सुट्टी घे."