पोरीचा माड

नारळ हलवायचा आणि कानाशी धरायचा, एवढं आमच्या पाती भागातल्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही जाणतं. साधा नारळ खळखळतो. कोप्योर नारळाचं खोबरं करवंटीला धरून राहत नाही, सुटं होऊन लोण्यासारखं पाण्यात तरंगतं, म्हणून त्याचा आवाज जाड आणि गच्च येतो. सरबतासाठी लोक त्याला दहा साध्या नारळांचा भाव देतात. नारळवाडीवाल्या पाक मारवोतोने नेमकं हलवून बघायचंच सोडलं आणि ऐन रमझानात शंभर नारळ सेमारांग शहरातल्या सरबतवाल्याकडे तसेच रवाना केले.

का? तर माझ्या शब्दावर. आठ वर्षांपूर्वी मी, म्हणजे बू पालुपीने (बाईंना आम्ही बू म्हणतो, बुवांना पाक), गावाच्या सभेत छाती ठोकून सांगितलं होतं, "माझ्या रोपांना शंभरात शंभर कोप्योर." कोप्योर नारळ मातीत पुरला तरी उगवत नाही. आतल्या कोंबाला खोबरं अंगीच लागत नाही, बिचारा भरल्या ताटावर उपाशी मरतो. म्हणून मी तो शेंगदाण्याएवढा कोंब चिमट्याने काढून बाटलीत साखरेच्या खळीवर वाढवते आणि दीड वर्षाने मातीत सोडते. एकोणीस वर्षं हेच करतेय, आणि माझ्याइतका हलका हात आमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाचा नाही.

सरबतवाल्याने सतरा नारळ परत पाठवले. सतराही खळखळणारे.

मारवोतोचा फोन आला. "बू, कुऱ्हाडीला धार लावलीय. बघायला येताय की फोटो पाठवू?"

"किती माड तोडणार?"

"नव्वदच्या नव्वद. आठ वर्षं लेकरांसारखे वाढवले. आता बाजारात कुणी दिसलं की माझ्या कानाशी नारळ हलवतं."

तो तोंडाचा फाटका, पण बोलला की करणारा माणूस. त्याने वाडी तोडली असती, तर त्या किनाऱ्यावर माझं एक रोप पुन्हा कुणी मातीला लावलं नसतं. मी पहिली बस पकडली.

दिवसभर त्याने पोरांना माडांवर चढवलं आणि मी नारळ हलवत बसले. माडांच्या नऊ ओळी. पश्चिमेच्या सहा ओळींचा प्रत्येक नारळ जाड बोलला. पूर्वेच्या तीन ओळींत निम्मे खळखळले. मी मान वर करून पूर्वेकडे बघितलं. कुंपणापलीकडच्या अंगणात एकच साधा माड उभा होता, पंचवीस हात उंच, आणि त्याच्या फुललेल्या पोयीवर, फुलांच्या तुऱ्यावर, मधमाश्या घोंघावत होत्या.

"तो बघा तुमचा चोर," मी म्हटलं. "कोप्योरच्या फुलाला कोप्योरचाच पराग लागला तर कोप्योर. साध्या माडाचा लागला की नारळ साधा."

"माझ्या वाडीतले साधे माड तोडायला लावलेत. हे तेव्हा नाही सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. कुंपणापलीकडे बघायचं मला सुचलंच नव्हतं. ही चूक माझी. मी ती तिथल्या तिथे कबूल केली, कारण माझ्या चुका थोड्या असतात आणि कबूल करायला परवडतात.

"मग कुऱ्हाड तिकडे वळवतो," तो म्हणाला.

"कुणाचा आहे?"

त्याचा चेहरा पडला. "बू तुरिनीचा. आमचं बोलणं नाही. कोंबड्यांवरून."

मी एकटीच गेले. बू तुरिनी पन्नाशीची, ठेंगणी, आवाज मात्र घाटावर पोचेल असा. तिने आल्याचं गरम पाणी दिलं, सोयाबीनचं तळलेलं टेम्पे पुढे ठेवलं, आणि माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "माझ्या लेकीची, वेनिंगची, जन्मवेळची वार त्या माडाखाली पुरलीय. पोरगी तैवानला म्हाताऱ्यांची सेवा करते. मी रोज सकाळी आधी माड बघते, मग फोन. माड ठीक, तर पोरगी ठीक. त्याला कुऱ्हाड लावणाऱ्याचा हात मी जागेवर ठेवणार नाही."

"माड राहू द्या. नुसत्या पोया कापून टाकल्या तर?"

"म्हणजे झाड वांझ करू? चोवीस वर्षांची पोर आहे माझी, अजून लग्न व्हायचंय तिचं! बाई, तुम्ही शिकलेल्या, तोंडातून असलं काढता कसं?"

कुठे विषय सोडावा हेही मला कळतं. आल्याचं पाणी प्यायले, तर त्यातला गूळ धुरकट, खमंग. आमच्या किनाऱ्यावरचा नव्हेच.

"हा गूळ कुठला?"

"माहेरचा, बान्युमासचा. भाऊ पाठवतो. माझे वडील चाळीस माडांची नीरा काढून गूळ करायचे. त्याच गुळावर वाढलो आम्ही सहा भावंडं."

"त्या चाळीस माडांना फुलं यायची?"

"फुलं कशी येणार? पोय उघडायच्या आधीच बांधून घेतात आणि शेंड्याला रोज पातळ काप…" ती थांबली. माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून माडाकडे. "उघडतच नाही पोय. मग पराग कुठून उडणार?"

"आणि ते माड वांझ?"

"वांझ? दुभते म्हणायचे वडील त्यांना!" ती इतकी मोठ्याने हसली की कुंपणापलीकडे मारवोतो पंजांवर उभा राहिलेला मला दिसला. "बाई, तुम्ही लबाड आहात."

"आहे थोडी."

तिने तिथूनच हाक घातली. "अहो पाक मारवोतो! ऐकताय ते कळलंय मला. माड माझा, नीरा माझी, गूळ अर्धा अर्धा. चढायचं मात्र तुम्ही. सकाळ-संध्याकाळ, एक खाडा चालणार नाही."

"पंचवीस हात? या वयात?"

"कुऱ्हाड चालवायला वय आड आलं नसतं ना?"

मारवोतोने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. नव्वद माड की दोन गुडघे, हा हिशोब त्याचा त्याने करायचा होता.

दुसऱ्या दिवशी तो चढला. पोय कशी बांधायची, कशी ठोकून मऊ करायची, काप कसा द्यायचा, हे बू तुरिनी खालून ओरडून शिकवत होती आणि सगळं गाव वर बघत उभं होतं. मी निघताना बजावलं, "हे वर्षभर जुन्याच परागाचे नारळ पिकतील. हलवून विका. खरा निकाल पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले. मारवोतो वाळला होता आणि दहा वर्षांनी तरुण दिसत होता. अंगणात नऊ ओळींचे नऊ ढीग, भोवती सगळं गाव. मी एकेक नारळ कानाशी धरू लागले. जाड, जाड, गच्च. सात ढीग संपले, आठवा संपला. लोक पुढे सरकले. नवव्या ढिगात एक नारळ खळखळला.

मग दुसरा. एकूण सात निघाले, सगळे कुंपणालगतच्या दोनच माडांचे, प्रत्येकी एकाच घडातले. माझा शब्द पुन्हा खोटा ठरला असंच वाटलं, खोटं कशाला सांगू. पण फुलाचा नारळ पिकायला अकरा महिने लागतात; तेवढे मी बोटांवर मागे मोजले आणि हिशोब जमला.

"पाक," मी विचारलं, "अकरा महिन्यांपूर्वी तुम्ही आठवडाभर माडावर चढला नव्हतात ना?"

तो आभाळाकडे बघू लागला. "ताप होता."

"ताप कसला!" मागून बू तुरिनी. "माझी वेनिंग तैवानहून परत आली होती, तिचं लग्न होतं. पोरीच्या माडाची एक पोय तिच्या मांडवाच्या दाराशी नको? मीच म्हटलं, एवढी एक फुलू द्या. यांनी आठ दिवस हात लावला नाही, मग स्वतः चढून काढून आणली. बांधलीही यांनीच."

गाव हसलं. मारवोतो लाजून लाल झाला आणि मी मात्र सगळ्यांत मोठ्याने हसले. एक पोय उघडली, सात नारळ खळखळले. याहून चांगला पुरावा मला प्रयोगशाळेत दहा वर्षांत मांडता आला नसता. रोपं मागायला तिथेच रांग लागली.

तेवढ्यात बू तुरिनीने खळखळणारा एक नारळ उचलला. तिच्या खांद्यावरच्या झोळीत महिन्याची नात झोपली होती.

"यातला निम्मा जीव माझ्या पोरीच्या माडाचा ना?"

"निम्मा त्याचा, निम्मा पाकच्या वाडीचा," मी म्हटलं. "आणि याला माझी बाटली नको. ओल्या मातीत ठेवा, आपला आपण उगवेल."

"मग हा नातीचा. तिच्या वारेशेजारी लावते, आमच्याच अंगणात."

सगळे एकदम मारवोतोकडे वळले. मीही. नव्वद माडांच्या कुंपणापलीकडे आणखी एक साधा माड! वाडीपासून लांबची, बंधाऱ्यापलीकडची जागा सुचवायला मी तोंड उघडणार, तोच त्याने तिच्या हातातून नारळ घेतला, कानाशी धरून हलवला आणि झोळीतल्या पोरीकडे बघितलं.

"अंगणातच लावा," तो म्हणाला. "फुलायला सात वर्षं आहेत. तोवर तुमच्या जावयाला चढायला शिकवतो."