धारेवरचं वऱ्हाड

वाईतोहेच्या खोऱ्यात हुईच्या कामाची सगळे चेष्टा करायचे. बेटावर फिरायला आलेल्या लोकांना ती डोंगरात चालायला न्यायची आणि त्याचे पैसे घ्यायची. निघण्याआधी त्यांचे बूट उलटे करून तळ बघायची, सॅक उघडायला लावून निम्मं सामान बाहेर काढायची.

"चालायचे पैसे!" दर रविवारी प्रार्थना संपली की पुआ मावशी चर्चच्या पायरीवर उभी राहून ऐकवायची. "आमच्या बकऱ्या रोज चढतात, फुकट. त्यांनाही एकदा विचार म्हणावं, बूट कुठल्या दुकानातले!"

हुई हसून सोडून द्यायची. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं होतं. मावशीचं मन जेवढं मोठं तेवढाच आवाज. गावच्या गायनमंडळाची ती म्होरकी होती, आणि तिने सूर लावला की समोरच्या उतारावरचे घोडे चरायचं थांबून मान वर करत.

मग मावशीच्या धाकट्या मुलाचं, किमितेतेचं, लग्न ठरलं. मुलगी डोंगरापलीकडच्या हानापेईची, नाव तापुता. लग्न तिकडेच, शनिवारी. वऱ्हाड गाड्यांमधून कड्याकडच्या रस्त्याने जायचं होतं. पण त्या आठवड्यात पाऊस असा बसला की उठायचं नाव घेईना. बुधवारी अख्खा उतार झाडांसकट रस्त्यावर आला. समुद्र तर आधीपासूनच खवळलेला. होडी खाडीबाहेर काढायची सोय नव्हती. फादर हानापेईत येऊन थांबले होते, पण रविवारनंतर त्यांना पुढच्या बेटांवर जायचं होतं, आणि ते परत कधी येतील हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चर्चशेजारच्या मंडपात सगळे जमले. किमितेते कोपऱ्यात बसून नखं खात होता.

"पुढे ढकलू," मावशी म्हणाली. "नाहीतर काय, पोहत जायचं?"

"वरून जाऊ," हुई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"जुनी घोडेवाट आहे की. रस्ता व्हायच्या आधी सगळे तिनेच जायचे. सकाळी लवकर निघालो तर दुपारी हानापेईत."

"त्या वाटेवर आता भुतंसुद्धा जात नाहीत," कुणीतरी म्हणालं.

"मग गर्दी नसेल," हुई म्हणाली.

गुरुवारी पाऊस थांबला. हुई आणि किमितेते कोयते घेऊन वाट बघायला गेले. खालच्या रानात जास्वंदीच्या झाडांनी वाट गिळून टाकली होती. त्यांनी माणूस वाकून जाईल एवढी मोकळी केली. मधे ओढ्याने वाटेचा एक लचका तोडला होता. तिथून घोडा जाणं शक्य नव्हतं. माणसांसाठी त्यांनी दोर बांधला. सगळ्यात वर डोंगराची धार होती, घोड्याच्या पाठीएवढी अरुंद, दोन्हीकडे खोल उतार. हुई तिच्यावरून सावकाश चालत गेली, जागोजागी टाच मारून बघितली. दगड पक्का होता.

"हुईताई, आई येईल इथून?" किमितेतेने विचारलं.

"तिला बकऱ्यांची एवढी माहिती आहे, येईल की."

हुईने हानापेईला फोन केला. नवरीचा बाप तेपोऊ म्हणाला, "तुम्ही खिंडीपर्यंत या. आमच्या बाजूने चढ सोपा आहे, तिथे आम्ही घोडे घेऊन थांबतो."

संध्याकाळी तिने सगळ्यांना सामान घेऊन बोलावलं आणि एकेक पिशवी उघडली. एका काकीने इस्त्री घेतली होती. दुसरीने फणसासारखं जड असं काहीतरी फडक्यात गुंडाळलं होतं. तो मेरीमातेचा पुतळा निघाला.

"ती सांभाळेल ना आपल्याला," काकी म्हणाली.

"काकी, तिला सांभाळायला एक माणूस लागेल. ठेव घरी, ती इथूनही बघते."

लग्नाचे कपडे प्लास्टिकमध्ये बांधून एका सॅकमध्ये गेले. केकचे थर वेगवेगळे करून भाताच्या मोठ्या पातेल्यांत बसवले, झाकणांना दोऱ्या बांधल्या, आणि किमितेतेच्या मित्रांनी ती पातेली पाठीवर घ्यायची असं ठरलं. मग हुईने पायांकडे मोर्चा वळवला. निम्म्या वऱ्हाडाच्या पायात रबरी चपला होत्या. गावात होते नव्हते तेवढे बूट गोळा झाले, फुटबॉलचेसुद्धा. पुआ मावशीला तिच्या थोरल्या मुलाचे बूट आले, आत दोन जोड मोजे घालून.

"मी लग्नाला चालले आहे की खड्डे खणायला?" मावशीने पाय पुढे करून सगळ्यांना दाखवला.

"चालून बघ मावशी. बोट पुढे लागतंय का?"

"लागलं तर काय, पैसे परत देशील?"

मंडपात हशा पिकला.

शुक्रवारी उजाडता उजाडता वऱ्हाड निघालं. हुई पुढे, मावशी तिच्या मागे, बाकीचे ओळीने, शेवटी किमितेते. हुईने चाल मुद्दाम संथ ठेवली. दम लागण्याआधी थांबायचं, तहान लागण्याआधी प्यायचं, हे तिने सगळ्यांना बजावलं होतं. ओढ्याच्या लचक्याशी म्हाताऱ्या काकींनी दोर धरून असे पाय टाकले, जणू रोजचंच काम. नोनो माश्या चावायला लागल्या तसं कुणीतरी खोबरेलाची बाटली फिरवली, आणि तेलाच्या वासावरून गाणं सुरू झालं. मावशी पहिल्या चढावर सगळ्यांत जास्त गायली, दुसऱ्यावर कमी. रानातून वर उघड्यावर आले तेव्हा ती अगदी गप्प होती. हुईला वाटलं, दमली असेल.

धारेच्या तोंडाशी मागून आवाज आला, "हुई, मी नाही येत."

आवाज इतका बारीक होता की हुईला वाटलं, दुसरंच कुणी बोललं. तिने वळून बघितलं. मावशी वाटेवर बसली होती. दोन्ही मुठींत गवत, डोळे मिटलेले.

हुई तिच्यासमोर उकिडवी बसली. "पाय दुखतात?"

"नाही. लहानपणापासून मला हे असं... दोन्हीकडे काही नसलेलं बघवत नाही. मी कधी कुणाला सांगितलं नाही. तू जा सगळ्यांना घेऊन."

"नवरदेवाच्या आईला सोडून?"

मागे ओळ थांबली होती. बाहेरच्या लोकांना हुई अशा वेळी श्वासाबद्दल चार गोष्टी सांगायची. मावशीला श्वास घ्यायला शिकवायचं तिच्या जिभेवर येईना.

"माझ्या सॅकचा पट्टा धर," ती म्हणाली. "खाली बघू नकोस. माझ्या मानेकडे बघ."

"मानेकडे काय बघायचं?" मावशी कशीबशी उठली. "केसांना कधीपासून फणी लागली नाही तेवढं दिसतंय."

"अजून काय दिसतंय?"

"शर्टाची विटलेली कॉलर."

"बोल, मावशी. माझ्याबद्दल मनात आहे ते सगळं बोल. थांबू नकोस."

हुईने पाऊल टाकलं. मागे मावशीचं पडलं.

"सगळं? मग ऐक. लहानपणी तू बकरी सोडलीस आणि तिने चर्चची फुलं खाल्ली, ते मी माझ्यावर घेतलं होतं."

"हो."

"आणि तो मास्तर! एवढा चांगला माणूस तुला मागणी घालायला आला, त्याला तू डोंगरात फिरवलंस आणि पायाला फोड आणून परत पाठवलंस!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. धारेवर चालताना मावशीने हुईला असं धारेवर धरलं की अर्धी वाट कधी सरली ते कळलं नाही. गळकं छप्पर निघालं, मावशीकडे रस्सा रांधलेला असताना एकटीने डब्यातली मासळी खाणं निघालं, गायनमंडळ सोडणं निघालं. वारा दोन्हीकडून वर येत होता, आणि मावशीचा आवाज हळूहळू आपल्या मूळ मापावर येत होता.

"आणि तुझी आई! ती तर तुझ्याहून वरचढ. ताप अंगावर काढला, आणि मला, सख्ख्या बहिणीला, सांगितलं नाही!"

हुईचं पाऊल क्षणभर अडलं. ती पुढे चालत राहिली.

"तू तिचीच," मावशी म्हणाली. "डोंगरात जातेस, मला सांगत नाहीस. तू परत येईपर्यंत मी अंगणात बसून असते. जेवण उतरत नाही घशाखाली. आणि मग रविवारी राग येतो, म्हणून बोलते."

इतक्या वर्षांत हुईला हे कधी सुचलंसुद्धा नव्हतं. तेवढ्यात पायाखाली वाट रुंद झाली. समोर खिंड, खिंडीत घोडे, आणि तेपोऊ टोपी हलवत होता.

"मावशी, धार संपली."

"थांब गं, माझं संपलेलं नाही," मावशी म्हणाली, आणि डोळे उघडे ठेवून सभोवार बघत एकदम मटकन खाली बसली. मग हसायला लागली. हुई तिच्या शेजारी बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून तीही हसली. मागून एकेक जण येऊन त्यांच्याभोवती गवतात लवंडला. हानापेईच्या लोकांनी शहाळी फोडली.

उतरणीला मावशी घोड्यावर बसली. गावात शिरताना तिने असा सूर लावला की लोक घराबाहेर आले.

शनिवारी लग्न लागलं. किमितेतेच्या विजारीला इस्त्री नव्हती, केकचा मधला थर जरा कलला होता, आणि तापुता ते दोन्ही बघून सारखी हसत होती. भट्टीतलं डुक्कर, नारळाच्या दुधातली मासळी, कुटलेल्या नीरफणसाची पोपोई, सगळं पानांवर वाढलं. वाईतोहेच्या काकी आपले सुजलेले पाय बाकावर ठेवून हानापेईच्या बायकांना धारेची गोष्ट सांगत होत्या. दर वेळी सांगताना धार थोडी अरुंद होत होती.

तेपोऊ हुईशेजारी येऊन बसला. "आमच्या बाजूची वाट आम्ही साफ ठेवतो," तो म्हणाला. "तुमची तुम्ही ठेवाल? आता लेक तिकडे असणार माझी."

"ठेवू," हुई म्हणाली.

मंगळवारी रस्ता मोकळा झाला आणि गाडी आली. पुआ मावशी सगळ्यांच्या आधी चढून ड्रायव्हरशेजारी बसली.

"वाटेने नाही येणार?" हुईने विचारलं.

"एकदा पुरे. आता आयुष्यभर सांगायला झालं." मावशीने खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "तू कधी पोहोचशील?"

"दुपारी. ओढ्याशी जरा थांबेन, दोर नीट बांधायचा आहे. मग थेट तुझ्याकडेच येते."

"ये," मावशी म्हणाली. "रस्सा करून ठेवते."

गाडी वळणाआड गेली. हुईने सॅक पाठीला लावली. इस्त्रीवाली काकी आणि आणखी दोघी बुटांच्या नाड्या आवळत तिची वाट बघत उभ्या होत्या.