षडाक्षरीचा सत्कार

त्या वर्षी प्रिलिमचा निकाल लागला तेव्हा माझा घसा बसला होता. धारवाडात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवणाऱ्यांचे घसे बसतातच. सप्तापुरात शिरलं की एकेका इमारतीत तीन-तीन क्लास, आणि प्रत्येक मजल्यावर कुणीतरी ओरडून राज्यघटना सांगत असतं. मी त्यातली नव्हे. मी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवते आणि तिथलं मार्गदर्शन केंद्र माझ्या गळ्यात आहे. ज्यांना क्लास परवडत नाही ती सगळी मुलं माझ्याकडे. त्यांचे निबंध तपासायचे, उत्तरं पुन्हा पुन्हा लिहून घ्यायची, सरावाच्या मुलाखती घ्यायच्या, आणि निकाल लागला की रडणाऱ्यांना चहा पाजायचा. सुरुवातीला मला सगळ्यांची नावं पाठ असायची. हल्ली चेहरेसुद्धा एकमेकांत मिसळतात. "मॅडम, हा शेवटचा अटेम्प्ट," हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मान हलते, मन हलत नाही.

षडाक्षरी बण्णद मात्र लक्षात राहिला होता. गुळेदगुड्डच्या विणकराचा मुलगा. उंच, पण खांदे पाडून चालायचा, जणू दार कुठंही ठेंगणंच असणार. तीनदा प्रिलिमला आपटून चौथ्यांदा निघाला. निकालादिवशी खोलीत येऊन पाया पडला. मी म्हटलं, "हं, आता मेन्स. रडायचं-बिडायचं नंतर. जा, लिहायला बस." तो गेला. मीही दुसऱ्या गठ्ठ्याला हात घातला.

नंतर काही दिवसांनी दुपारी दोन माणसं दारात उभी राहिली. एक गोरेपान, इस्त्रीचं धोतर. दुसरे काटकुळे, पांढरी टोपी, काखेत पिशवी, चपला बाहेरच काढलेल्या.

"अक्कोरु, आत येऊ का?" पहिल्यांनी विचारलं. शाळेतल्या बाईंना हाक मारावी तशी हाक. विद्यापीठात मला असं कुणी म्हणत नाही, बरं वाटलं.

"या, बसा."

"मी रुद्रप्पा. विणकर सोसायटीचा चेअरमन. आणि हे मल्लेशप्पा. आमच्या साहेबांचे वडील."

"कुठले साहेब?"

रुद्रप्पा हसले. "घ्या! अक्कोरु चेष्टा करतात. अहो, तुम्हीच घडवलेला साहेब. आमचा षडाक्षरी! तहसीलदार झाला ना. आमच्या गल्लीतून पहिला. रविवारी सत्कार ठेवलाय, बनशंकरीच्या पुजाऱ्यांनाही बोलावलंय. पण अध्यक्ष तुम्हीच पाहिजे."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. मेन्स व्हायची होती, मुलाखत तर त्याच्या पुढं. तहसीलदार व्हायला अजून वर्ष, आणि ते वर्षही ज्याच्या नशिबी असेल त्याच्या.

"पण अजून..." मी सुरुवात केली.

तेवढ्यात मल्लेशप्पांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला खण काढून टेबलावर ठेवला. जांभळा, लाल काठाचा. "घरचा आहे," एवढंच ते म्हणाले. आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य. मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुढं बोलवेना. पोरानं काय सांगून ठेवलंय हे त्याच्या बापाला मी, एक परकी बाई, चेअरमनसमोर सांगू? ज्यानं गाठ मारली त्यानंच ती सोडवावी.

"येते," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी लायब्ररीत गेले. षडाक्षरी खिडकीजवळ बसून उत्तरं लिहीत होता. मला बघताच उभा राहिला, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

"कोण आलं होतं, मॅडम?"

"तुझे वडील. आणि चेअरमन. तहसीलदारसाहेबांच्या सत्काराचं आमंत्रण द्यायला. चल बाहेर."

बाहेर पायऱ्यांवर तो खाली बघत बोलायला लागला. "मी खोटं नाही बोललो, मॅडम. फोनवर एवढंच म्हटलं, अप्पा, पास झालो. अप्पा काही बोललेच नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग कळलं, रडतायत. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं. अव्वा गेली, माझी आई, तेव्हाही नाही. त्यांनी फोन ठेवला आणि गल्लीभर सांगत सुटले."

"मग दुसऱ्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी चेअरमनचा फोन आला, काय साहेब म्हणून. तिसऱ्या दिवशी आमच्या शाळेच्या मास्तरांचा. मग..." तो थांबला. "मग मला वाटलं, मेन्स निघाली, मुलाखत झाली की खरंच होईल ना. थोडं आधी झालं, एवढंच."

मला हसू आलं आणि त्याचा रागही आला. "अरे, कापड विणण्याआधी विकायला निघालास की तू!"

"तुम्ही सांगा ना त्यांना, मॅडम. तुमचं ऐकतील."

"मी नाही सांगणार. पण सोबत येईन. रविवारी पहिल्या बसनं निघू. कार्यक्रमाआधी तू अप्पांना सांगायचं, मी शेजारी उभी राहीन. बास."

खरं तर आठवड्यातला तो एकच दिवस मला झोपायला मिळतो. नवरा म्हणाला, "पोरगं एवढं मोठं आहे, त्याचं तो बघेल. तू कशाला?" पण गेले.

नवलगुंद, नरगुंद मागं पडलं. कुळगेरी क्रॉसला बस थांबली तेव्हा मी त्याला चहा घेऊन दिला. तो म्हणाला, "मॅडम, इथूनच परत जाऊ या का?" मी म्हटलं, "चहा पी."

गल्लीच्या तोंडालाच बॅनर होता. षडाक्षरीचा कोटातला फोटो, खाली मोठ्या अक्षरांत तहसीलदार, आणि कोपऱ्यात रुद्रप्पांचा हात जोडलेला फोटो. बायका आरती घेऊन पुढं आल्या. त्याला कुंकू लावलं, मला लावलं. कुणीतरी फटाके लावले. एक म्हातारी त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "साहेब, माझी पेन्शन अडकलीय रे बाळा, तेवढं बघ." तो "बघतो आज्जी" म्हणाला, आणि मी त्याच्या पाठीत कोपर मारलं.

मल्लेशप्पा घरात नवा सदरा घालत होते. मी दार पुढं लोटलं. षडाक्षरी त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"अप्पा, मी तहसीलदार झालो नाही."

मल्लेशप्पा बटण लावता लावता थांबले.

"तीन परीक्षा असतात. मी पहिली पास झालोय. दोन राहिल्यात. त्यात नापासही होईन. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

बाहेर लाउडस्पीकरवर "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" चाललं होतं. मल्लेशप्पांनी माझ्याकडे बघितलं. "अक्कोरु, तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुम्ही आलात त्या दिवशी कळलं."

"पहिली परीक्षा तरी पास झालाय का?"

"झालाय. ती सोपी नसते. पुष्कळ मुलं तिथंच संपतात."

त्यांनी उरलेली बटणं लावली. सावकाश. मग म्हणाले, "चला."

"अप्पा, कार्यक्रम रद्द करू या," षडाक्षरी म्हणाला.

"लोक आलेत. चूल पेटलीय. रद्द काय करतोस? ज्या तोंडानं लपवलंस त्याच तोंडानं तिथं सांग."

व्यासपीठावर आम्हाला हार घातले. रुद्रप्पा पुष्कळ बोलले. गल्लीचं नाव, सोसायटीचं नाव, साहेबांच्या हातून होणारी कामं. पुजाऱ्यांनी आशीर्वाद दिला. मग षडाक्षरी उठला. माइकमधून आवाजाआधी खरखरच ऐकू आली. मला वाटलं, आता हा पळणार. पण त्यानं सांगितलं. अप्पांना सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. शेवटी म्हणाला, "चूक अप्पांची नाही. चेअरमनसाहेबांची नाही. माझी आहे."

मग मागून एकजण मोठ्यानं म्हणाला, "म्हणजे अजून साहेब नाही?"

"नाही."

"मग आम्ही फटाके कशाचे उडवले?"

काही पोरं हसली. कुणीतरी शिटी मारली. बायकांत कुजबुज सुरू झाली. रुद्रप्पांचं तोंड लालबुंद झालं. ते गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवून सरळ निघून गेले, त्यांच्यामागं सोसायटीचे पाच-सात लोक. अध्यक्ष म्हणून मला बोलायचं होतं. मी काय बोलले ते नीट आठवत नाही. बसलेल्या घशानं एवढंच सांगितलं की पहिली परीक्षा पास होणं हीही कमाईच आहे, आणि भरल्या मंडपात खरं बोलणं त्याहून अवघड. टाळ्या चार-दोन झाल्या. ज्या झाल्या त्याही मला पाव्हणी म्हणून.

गव्हाची गोड हुग्गी तयार होती, भाकऱ्यांची चळत होती, भरली वांगी होती. मल्लेशप्पा पंक्तीत उभे राहून म्हणाले, "अन्नावर राग काढू नका. बसा." निम्मे लोक बसले. ते स्वतः वाढत होते. प्रत्येकाच्या पानाशी वाकून विचारत होते, हुग्गी घ्या, तूप घ्या. मुलाच्या पानाशी आले, वाढलं, आणि पुढं गेले. विचारलं काही नाही.

परतीच्या बसमध्ये षडाक्षरी झोपला. मला झोप आली नाही. डोकं काचेला टेकवून बसले होते, आणि सोमवारी तपासायचे निबंध आठवत होते.

त्यानं मेन्स दिली. नाही निघाली. थोडक्यात गेली म्हणतात तशीही नाही, बरीच गेली. निकालानंतर तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "मॅडम, हा शेवटचा..."

"नको म्हणूस," मी म्हटलं. इतक्या वर्षांत मी कुठल्या मुलाला थांब म्हटलं नव्हतं. आशा तोडायचं काम कुणाला आवडतं? आणि मुलं थांबली तर केंद्र कुणासाठी चालवायचं, असंही असेल. पण त्या दिवशी अंगात त्राणच नव्हतं गोड बोलायचं. "षडाक्षरी, थांब आता. दुसऱ्या जागा निघतायत, त्या भर. साहेब व्हायचं नाही असं नाही. पण आधी पोटापाण्याला लाग."

तो म्हणाला, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाही," तो म्हणाला. आणि फॉर्म भरायला गेला.

वर्षभरानं त्याला ग्राम लेखापालाची नोकरी लागली, रायचूर जिल्ह्यात. आपल्या तलाठ्यासारखी. पेढ्यांचा पुडा घेऊन आला. नेमणुकीचं पत्र टेबलावर ठेवलं. मी वाचलं, परत दिलं, म्हटलं, "आधी घरी जा. अप्पांना दाखव." तो त्याच दुपारी गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गात होते, तेव्हा फोन वाजला. मल्लेशप्पा. मी मुलांना लिहायला सांगून व्हरांड्यात आले.

"अक्कोरु, आमचा हा म्हणतोय नोकरी लागली. खरं का?"

"खरंय. अभिनंदन."

"कागद तुम्ही बघितलात?"

"बघितला."

"तुमच्या डोळ्यांनी?"

"माझ्या डोळ्यांनी, मल्लेशप्पा. शिक्का आहे, सही आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी षडाक्षरीचा फोन आला. "अप्पांनी तुम्हाला फोन केला होता ना, मॅडम?"

"हो. तू दाखवलं नाहीस का त्यांना पत्र?"

"दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं त्यांनी. मग घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, थांब, अक्कोरूंना विचारतो."